बातमीतलं पोर आणि घरातलं पोर

संपादकांचा निरोप आला तेव्हा विषय ठरलेलाच होता. ‘मोबाइल आणि हिंसेच्या विळख्यात किशोरवयीन पिढी’ या शीर्षकाखाली मनोविकारतज्ज्ञाचा लेख हवा होता, आणि त्यात होतील तितकी उदाहरणं. मी कळवलं की या शीर्षकाखाली मला लिहिता येणार नाही, कारण निदान शीर्षकातच करून झालंय. त्याऐवजी ओपीडीत मला रोज भेटणारी मुलं आणि वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर, वेब सिरीजमध्ये दिसणारी मुलं यांच्यात जे अंतर पडलं आहे, त्यावर लिहू द्या, असं म्हटलं. त्यांनी ते मान्य केलं, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. या अंतराची किंमत कोण मोजतं ते मी समोर बसून बघते, म्हणून हा विषय मला तातडीचा वाटतो.

२०२५च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर ‘ॲडोलेसन्स’ ही चार भागांची ब्रिटिश मालिका आली. वर्गातल्या मुलीच्या खुनाच्या आरोपाखाली तेरा वर्षांच्या मुलाला पोलीस घरातून उचलून नेतात, तिथून ती सुरू होते. प्रत्येक भाग कॅमेरा न थांबवता, एका सलग चित्रणात घेतलेला आहे. मालिका उत्तम आहे. तिच्यात एका प्रसंगात तपास अधिकाऱ्याचा मुलगा वडिलांना इमोजींचे छुपे अर्थ समजावून सांगतो. पुढच्या काही आठवड्यांत अशा इमोजींचे तक्ते पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागले, आणि त्यांतला एक छापील तक्ता घेऊन एक वडील माझ्याकडे आले. बरोबर आई होती आणि नववीतला मुलगा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा खोलीतून बाहेर येत नाही, हाक मारली तर ओ देत नाही, सतत हेडफोन, मित्र तुटलेले, मार्क घसरलेले. मोबाइल तपासला तेव्हा एका मित्राला पाठवलेलं ‘१००’चं चिन्ह सापडलं होतं. तक्त्याप्रमाणे ते स्त्रीद्वेष्ट्या गटाचं लक्षण. मित्राने त्या आधी काय लिहिलं होतं, तर शाळेच्या मॅचमधला स्वतःचा स्कोअर. एवढं वर सरकवून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मुलाशी एकटीने बोलताना माझ्या लक्षात आलं की तो माझ्या ओठांकडे बघतोय. मी मान वळवून लिहायला लागले की उत्तर थांबायचं. कान लहानपणी वाहायचा, आता वाहत नाही, म्हणून तो विषय घरातून संपला होता. ऑडिओमेट्री केली. दोन्ही कानांत मध्यम स्वरूपाचा श्रवणदोष. उंचीमुळे वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. तिथून शिक्षकांचं निम्मं बोलणं पोहोचत नव्हतं. गटात गप्पा रंगल्या की त्याचं उत्तर चुकायचं, पोरं हसायची, म्हणून त्याने गट सोडला. मोबाइलवर मात्र तो खाली ओळी येणारे व्हिडिओ बघायचा, हेडफोनचा आवाज वाढवून. दिवसभरात तेवढ्या वेळातच त्याच्याकडून कुणाचं बोलणं निसटत नव्हतं. आणि तोच वेळ काढून घेण्यासाठी त्याला एका व्यसनमुक्ती शिबिरात पाठवून झालं होतं.

सगळ्याच मुलांच्या बाबतीत असं स्वच्छ उत्तर सापडत नाही. हे प्रकरण मला सलत राहिलं ते वेगळ्या कारणाने. आईवडील निष्काळजी नव्हते. त्यांचं मुलाकडे अगदी बारीक लक्ष होतं. पण बघताना त्यांच्या डोळ्यांसमोर दुसराच मुलगा होता. तो त्यांना पडद्यावरून मिळालेला होता, आणि समोरच्या मुलात ते त्याच्याच खुणा शोधत होते.

आता थोडी आकडेवारी द्यावीच लागेल. २०११च्या जनगणनेनुसार १० ते १९ वयोगटातले भारतीय २५.३ कोटी होते, म्हणजे लोकसंख्येचा पाचवा हिस्सा. दिल्लीच्या डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर देशभर ‘अल्पवयीन गुन्हेगार वाढले’ हा सूर लागला तेव्हा, २०१३ साली, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदींत भारतीय दंडविधानाखालच्या एकूण गुन्ह्यांत अल्पवयीनांचा वाटा होता १.२ टक्के. त्या टक्क्यातही चोरी-मारामारीचे गुन्हे आहेत. जो अमानुष गुन्हा आपल्या मनात रुतून बसतो तो या टक्क्याचाही लहानसा भाग. त्याची बातमी होऊ नये असं मी मुळीच म्हणत नाही. पण वर्षभर वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला किशोरवयीन मूल भेटतं ते एक तर आरोपी म्हणून, नाही तर बळी म्हणून, आणि मे-जूनमध्ये आठवडाभर पेढा खाताना. बाकीची कोट्यवधी मुलं छापलीच जात नाहीत.

छापली जात नाहीत ती कोण? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. देशात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना ॲनिमिया. बीडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीनंतर फडावर निघतात. शाळेचं वर्ष भर रंगात असताना बरोबर गेलेली तेरा-चौदा वर्षांची मुलगी तिथे लहान भावंडं सांभाळते आणि परतते तेव्हा तिच्या लग्नाची बोलणी सुरू झालेली असतात. किशोरवयाची महाराष्ट्रातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. तिच्यात मोबाइलचा भाग फार थोडा. पण ‘आजची पिढी’ या सदराखालचं छायाचित्र काढून बघा: अंधाऱ्या खोलीत, निळ्या उजेडात मोबाइलवर वाकलेला शहरी मुलगा. कुठल्या तरी छायाचित्र-संग्रहातून आलेला, बहुतेकदा भारतीयसुद्धा नसलेला.

आता ज्या प्रकरणावर मी जरा जास्त लिहिणार आहे, ते ‘ब्लू व्हेल’चं. वाचकांना ते जुनं वाटेल. माझ्या क्षेत्रात ते अजून संपलेलं नाही, आजही शाळेतल्या पालकसभेत हात वर होतो आणि प्रश्न येतो, “मॅडम, तो जीव घेणारा गेम परत आलाय म्हणे?” तेव्हा त्याची हकिगत क्रमाने सांगते. सांगताना कुठल्याही मृत्यूची पद्धत मी लिहिणार नाही. का, ते पुढे येईल.

मे २०१६मध्ये रशियातल्या ‘नोवाया गझेता’ या वृत्तपत्रात एक मोठा लेख आला. समाजमाध्यमावरच्या काही गटांमुळे जवळपास १३० मुलांनी आत्महत्या केल्या असाव्यात, असा त्याचा रोख होता. लेखावर लगेच आक्षेप आले. मृत मुलांपैकी काही जण त्या गटांचे सदस्य होते, एवढंच दिसत होतं. गटांमुळे मृत्यू झाले हे दिसत नव्हतं. आधीच खचलेली मुलं अशा गटांकडे ओढली जातात, ही शक्यता तितकीच सबळ होती. आमच्या शास्त्रात सहसंबंध आणि कारण यांतला फरक पहिल्या वर्षी शिकवतात. असा गट चालवणाऱ्या फिलिप बुदेयकिन या तरुणाला अटक झाली, आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल जुलै २०१७मध्ये तीन वर्षं चार महिन्यांची शिक्षाही झाली. म्हणजे इंटरनेटवर दुबळ्या मुलांना छळणारे लोक असतात हे खरंच, आणि त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण पन्नास दिवस, पन्नास कामं आणि शेवटी मृत्यू असा जगभर पसरलेला, डाउनलोड करता येणारा ‘ब्लू व्हेल’ नावाचा एक ‘गेम’ आहे, याला पुरावा नव्हता. ॲप स्टोअरवरून उतरवून घ्यावा असा तो काही प्रकारच नव्हता.

जुलै २०१७च्या अखेरीस अंधेरीत चौदा वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला आणि ‘भारतातला पहिला ब्लू व्हेल बळी’ ही बातमी तपासाआधीच देशभर पोहोचली. विधानसभेत विषय निघाला. सोलापूरकडून पुण्याला एकटा निघालेला एक मुलगा वाटेत भिगवणला उतरवून घेतला गेला, त्याची बातमी ब्लू व्हेलची झाली. ११ ऑगस्टला केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने गुगल, फेसबुक, व्हॉट्सॲप वगैरे कंपन्यांना या खेळाच्या लिंक काढून टाकण्याचं पत्र दिलं. ज्याची लिंकच नाही ते काढणार काय? मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, सर्वोच्च न्यायालयात याचिका गेल्या. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. देशभरातल्या संशयित मृत्यूंची तिने तपासणी केली: मुलांची उपकरणं, इंटरनेटवरचा वावर, फोनचे तपशील. जानेवारी २०१८मध्ये लोकसभेत उत्तर आलं की एकाही घटनेत ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध होऊ शकलेला नाही.

त्या उत्तराची बातमी किती जणांनी वाचली? पहिली बातमी पान एकवर, आठ स्तंभ, आणि उत्तर आतल्या पानावर चार ओळी. मी अजून पालकांना ते सांगते तेव्हा ते माझ्याकडे असं बघतात की जणू मी गुन्हेगाराची बाजू घेतेय.

“मग घाबरून सावध राहिलो तर बिघडलं कुठे?” असं मला पुष्कळदा विचारतात. बिघडतं, आणि कसं बिघडतं ते मोजलेलं आहे. १९७४मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी दाखवलं की वर्तमानपत्रांत आत्महत्येची बातमी ठळक आली की पुढच्या काळात आत्महत्यांची संख्या अपेक्षेपेक्षा वाढते, आणि बातमी जितकी गाजेल तितकी वाढ अधिक. नंतरच्या अभ्यासांनी या वाढीच्या अटी तपासल्या. मृत व्यक्ती वाचणाऱ्याला वयाने, परिस्थितीने जवळची वाटत असेल तर परिणाम वाढतो. पद्धतीचं वर्णन असेल तर वाढतो. एकच सोपं कारण दिलं असेल, किंवा मृत्यूला गूढ, शौर्याचं वलय असेल, तरी वाढतो. ब्लू व्हेलच्या बातम्यांमध्ये या सगळ्या अटी एकत्र होत्या. उलट बाजूही मोजलेली आहे. व्हिएन्नात भुयारी रेल्वेवरच्या आत्महत्यांचं प्रमाण ऐंशीच्या दशकात फार वाढलं होतं. १९८७च्या मध्यावर तिथल्या वृत्तपत्रांनी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. फोटो, थरारक मथळे, पहिलं पान हे सगळं थांबलं, आणि पुढच्या अर्ध्या वर्षात त्या आत्महत्या सत्तर टक्क्यांहून अधिक घटल्या. २०१०मध्ये तिथल्याच संशोधकांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली: संकटातून सावरलेल्या माणसाची हकिगत छापली तर प्रमाण कमी व्हायला मदत होते. एवढा थेट, एवढा स्वस्त उपाय वैद्यकात फार थोड्या आजारांवर मिळतो. औषध नाही, इस्पितळ नाही. फक्त मथळा बदलायचा.

भारतीय प्रेस कौन्सिलने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांवर आधारित नियमावली सप्टेंबर २०१९मध्ये स्वीकारली आहे. मी जिल्ह्याजिल्ह्यांत पत्रकारांच्या कार्यशाळा घेते. ती नियमावली वाचलेला बातमीदार मला क्वचित भेटतो. त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. त्यांच्यापर्यंत ती कुणी पोहोचवलीच नाही.

२०१७च्या त्या पावसाळ्यात ओपीडीत काय दिसलं तेही नोंदवून ठेवते. स्वतःला इजा करून घेण्याची सवय आधीपासून असलेल्या काही मुलामुलींनी ‘ब्लू व्हेल’चं नाव घेतलं. त्यांनी कुठलाही खेळ खेळला नव्हता. पण घरात महिनोन्‌महिने कुणी लक्ष दिलं नव्हतं, आणि टीव्हीवरचं ते नाव उच्चारताच आई रजा काढून बसली, वडील गावाहून आले, शाळेच्या बाईंनी फोन केला. दुःख सांगायला या मुलांना मोठ्यांनीच एक भाषा पुरवली होती, आणि त्या एकाच भाषेत सांगितलेलं मोठ्यांना ऐकू येत होतं. शाळांनी परिपत्रकं काढली, मुलांचे हात तपासले. ज्या मुलीच्या हातावर जुने व्रण सापडले तिला मुख्याध्यापकांसमोर उभं केलं गेलं. घरात तिच्याशी काय होत होतं, हे तिला कुणीही विचारलं नाही.

आणि मुलं जातात ती कशामुळे? २०२० साली देशात अठरा वर्षांखालच्या ११,३९६ मुलांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. कारणांच्या रकान्यात सर्वाधिक, ४,००६, कौटुंबिक समस्या. मग प्रेमप्रकरण, मग आजारपण. हे रकाने पोलीस भरतात, पंचनाम्याच्या घाईत, त्यामुळे ते काटेकोर मानू नयेत; नैराश्य, लैंगिक अत्याचार, जातीवरून झालेला अपमान यांना तिथे धड जागाच नाही. पण रशियाहून आलेल्या अज्ञात खेळाकडे बोट दाखवताना आपण कशाकडे पाठ फिरवत होतो, तेवढं त्यावरून कळतं. मारेकरी बाहेरचा ठरला की घराची झडती होत नाही. वाहिनीला तो सोयीचा, शाळेला सोयीचा, आणि सांगताना मला जड जातं, पण कुटुंबालाही सोयीचा.

(वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात असे विचार येत असतील, किंवा घरातल्या कुणाबद्दल काळजी वाटत असेल, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालू असतो. मराठीतही बोलता येतं.)

मेंदूबद्दल लिहा, असं संपादकांनी मुद्दाम सांगितलं होतं. लिहिते, कारण तिथेही एक चित्र रूढ झालं आहे आणि ते आमच्याच शास्त्राच्या नावावर खपतं. ‘मेंदू पंचविसाव्या वर्षापर्यंत अपुरा असतो, म्हणून ही मुलं अशी वागतात’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. १९९९मध्ये जे गीड आणि सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांचे एमआरआय काही वर्षांच्या अंतराने काढून दाखवलं की मेंदूच्या पुढच्या भागातला करडा द्रव्यांश बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक होतो आणि नंतर कमी होत जातो. न वापरल्या जाणाऱ्या जोडण्या छाटल्या जातात, वापरातल्या पक्क्या होतात. निळा-जांभळा होत जाणारा जो मेंदू पडद्यावर वारंवार दाखवतात, तो २००४च्या एका अभ्यासातला. त्यात चार ते एकवीस वयाच्या तेरा मुलांचे स्कॅन होते. तेरा. उत्तम काम होतं, पण त्यातून पंचवीस हा आकडा निघत नाही. ज्या वयाला अभ्यास थांबला त्या वयाला विकास थांबला, असं त्यातून म्हणता येत नाही.

दुसरा एक प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २००५मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी १३ ते १६, १८ ते २२ आणि २४च्या पुढे अशा तीन वयोगटांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाल्यावर थांबायचं की दामटायचं, हे ठरवायचं. काहींना एकटं बसवलं, काहींना मित्रांसोबत. मित्र बाजूला असताना किशोरांनी घेतलेली जोखीम खूप वाढली. मोठ्यांवर मित्रांच्या हजेरीचा तसा परिणाम दिसला नाही. यातून आमच्याकडे असं मांडतात की शांतपणे, वेळ घेऊन केलेला विचार साधारण सोळाव्या वर्षापर्यंत प्रौढांच्या पातळीला येतो. भावनेच्या भरात, चार जणांसमोर केलेला यायला आणखी वर्षं लागतात. म्हणजे एकच सोळा वर्षांची मुलगी दवाखान्यात उपचारांबद्दल समंजस निर्णय घेऊ शकते आणि त्याच संध्याकाळी मैत्रिणींसोबत वेडं धाडस करू शकते. वाहिन्यांना ती दोन्ही एकाच वेळी नको असते. तिने काही मागितलं की तिचा मेंदू अपुरा, आणि गुन्हा केला की तिला सगळं कळत होतं.

हा पेच मला चर्चेपुरता भेटत नाही. तो फाइलमधून येतो. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १५ प्रमाणे सोळा ते अठरा वयातल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळाला प्राथमिक मूल्यमापन करावं लागतं: गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत, आणि परिस्थिती. त्यासाठी आमचं मत मागवतात. गुरुग्रामच्या शाळेतल्या २०१७च्या खून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२मध्ये हे काम किती नाजूक आहे ते सविस्तर सांगितलं आहे. मी माझं मत प्रामाणिकपणे देते. पण घटनेनंतर आठवड्यांनी, निरीक्षणगृहातल्या खुर्चीवर, एकट्या आणि घाबरलेल्या मुलाची मी जी परीक्षा घेते ती शांत विचाराची असते. त्या रात्री, त्या चौकात, त्या मित्रांसमोर त्याला काय समजत होतं ते मोजणारी चाचणी जगात कुठेही उपलब्ध नाही. कायद्याला उत्तर हवं असतं आणि बाहेर कॅमेरे उभे असतात. या कामाचा मला अभिमान आहे, आणि दरवेळी अहवालावर सही करताना मन थकून जातं.

पुण्याचं मे २०२४चं कल्याणीनगरच्या मोटार अपघाताचं प्रकरण न्यायालयात आहे, त्यामुळे गुन्ह्याबद्दल मी एक शब्दही लिहिणार नाही. दोन तरुण जीव गेले. त्यांच्या घरच्यांचा संताप सर्वस्वी योग्य होता. आरोपी मुलाच्या जामिनासाठी घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट ऐकून लोक रस्त्यावर आले, पत्रकारांनी मोठ्यांचे उद्योग चव्हाट्यावर आणले. पत्रकारितेचं हे काम मोलाचं होतं. पण त्याच आठवड्यात एक रॅप व्हिडिओ फिरला: जामिनावर सुटलेला मुलगा शिवीगाळ करत, मिजाशीत गातोय. काही वाहिन्यांनीही तो दाखवला. तो त्या मुलाचा नव्हता. दुसऱ्याच कुणाचा होता, पोलिसांनी तसं जाहीर केलं आणि गुन्हाही नोंदवला. माझा प्रश्न एवढाच आहे की तो इतक्या सहज खरा का वाटला. पश्चात्ताप नसलेला, पैशाने माजलेला पोरगा आपल्या मनात आधीच तयार होता. व्हिडिओने फक्त त्याला चेहरा दिला. माझ्याकडे त्या आठवड्यात आलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलाला बसमध्ये मोठी माणसं उगाच सुनावत होती, केवळ तो त्याच वयाचा, त्याच भागातला म्हणून.

आमच्या व्यवसायातल्या मंडळींबद्दलही बोलायला हवं. “मॅडम, वीस सेकंदांचा बाइट द्या, या मुलाची मानसिकता काय असेल?” हा फोन मलाही येतो. न तपासलेल्या मुलाचं निदान मी करत नाही, असं मी सांगते, आणि तासाभरात दुसरे कुणी डॉक्टर पडद्यावर ते करताना दिसतात. न बघितलेल्या पोटाचं निदान टीव्हीवर करणारा सर्जन आपण सहन करणार नाही.

चित्रपटांनी मात्र मला अनेकदा आधार दिला आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००२चा ‘दहावी फ’ मी प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना आवर्जून दाखवते. शेवटच्या तुकडीतली, अपमानाला कंटाळलेली मुलं शाळेत मोडतोड करतात. बातमी इथे संपली असती. चित्रपटाची गोष्ट इथून पुढे जाते: शिक्षक त्यांच्यावर विश्वास ठेवतात, मुलं स्वतः कष्ट करून नुकसान भरून द्यायला निघतात. बाल न्यायाची अख्खी संकल्पना त्यात आहे. मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा ‘शाळा’, नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ यांतल्या मुलांना प्रेम होतं, लाज वाटते, राग येतो, आणि त्यातलं काहीही आजार म्हणून दाखवलेलं नाही. ‘फँड्री’तल्या जब्याचा राग समजून घ्यायला त्याचा मेंदू बघावा लागत नाही, गाव बघावं लागतं. मराठीत हे घडून बरीच वर्षं झाली. बातम्यांच्या कचेऱ्यांपर्यंत ते का पोहोचलं नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

कायदा पुरेसा आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आरोपी, पीडित, साक्षीदार अशा कुठल्याही मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नाव वगळतात, पण सोसायटी, इयत्ता, शाळा आणि वडिलांचा धंदा छापतात. तालुक्याच्या गावात एवढ्यावर अर्ध्या तासात घर सापडतं.

एका जिल्हा आवृत्तीतल्या तरुण बातमीदार मुलीने अलीकडे मला रात्री फोन केला. दहावीतली एक मुलगी गेली होती. बातमी कशी लिहू, असं तिने विचारलं. आम्ही फोनवर ती ओळीओळीने बघितली. पद्धत काढली, चिठ्ठीतला मजकूर काढला, ‘नापास होण्याच्या भीतीने’ हे मथळ्यातलं कारण काढलं, शेजाऱ्यांचे उद्गार काढले, १४४१६ टाकला. दोन स्तंभांची साधी बातमी आतल्या पानावर लागली. दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्धी वृत्तपत्रात मुलीचा फोटो आणि चिठ्ठी पहिल्या पानावर होती, आणि या बातमीदार मुलीला तिच्या वरिष्ठांनी विचारलं की आपल्याकडे हे कसं सुटलं. तिने बरोबर काम केलं होतं, आणि त्याचा जाब तिला एकटीला द्यावा लागला. त्यानंतर तिने माझ्याकडे प्रेस कौन्सिलच्या सूचना एका पानात, सोप्या मराठीत मागितल्या, म्हणजे पुढच्या वेळी ते पान वरिष्ठांच्या टेबलावर ठेवता येईल. मी ते पान तयार केलं आहे. ते तिच्याकडे गेलं आहे, आणि या अंकाच्या संपादकांकडेही दिलं आहे. ज्या कचेरीला हवं असेल तिने त्यांच्याकडून मागून घ्यावं.